मुक्या रिळातला रहाट

आमच्या अप्पांचा फुकट मिळणाऱ्या कुठल्याच वस्तूवर विश्वास नव्हता. मठातला प्रसाद तेवढा ते घेत, आणि तोही तळहातावर जरा उलटासुलटा करून बघत. लोक म्हणत फुकट ते पौष्टिक, तर अप्पा म्हणत, फुकट देणाऱ्याचा दुसरा हात कुठं हाय ते आधी बघावं. त्यांची ही सवय माझ्यातही उतरली आहे. दुकानात एखादी पोरगी ताटलीतून चिवड्याची चव बघायला पुढे करते, तेव्हा मी आधी तिच्याकडे बघते, मग तिच्या मागे कोण उभं आहे ते बघते, आणि चिवडा न खाताच पुढे जाते. नातू हसतो. त्याला मी त्या सिनेमाची गोष्ट कधी नीट सांगितली नाही, म्हणून इथे लिहिते.

लातूरला नुकताच जिल्हा मिळाला होता आणि पाऊस मात्र मिळाला नव्हता. गंजगोलाईकडे जाणाऱ्या रस्त्याला अप्पांचं दोरांचं दुकान होतं. सोल, चऱ्हाट, कासरे, पोहरे, असला सगळा माल. विहिरीचा दोर हातावर मोजून विकत. कोण किती हात दोर नेतो, यावरून कुणाच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं हे अप्पांना घरमालकाच्या आधी कळायचं. पंधरा हात नेणारा माणूस चैत्रात पंचवीस हात मागायला आला की अप्पा संध्याकाळी जेवताना सांगत, "त्यांची बी खाली गेली." आणि वैशाखात तो दोर मागायलाच आला नाही की म्हणत, "आटली." दुसऱ्याचं पाणी असं दुकानात बसून मोजणाऱ्या माणसाला आपलंही पाणी कुणीतरी मोजत असणार असं वाटलं, तर त्यात नवल नाही. चोराच्या मनात चांदणं, असं आमची अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, पण ते अप्पांच्या माघारी.

कारण आमच्या परसातल्या विहिरीला पाणी होतं. गल्लीत सात विहिरी, त्यातल्या सहा कोरड्या, आणि आमची तेवढी अजून तीन-चार हात पाणी धरून होती. अप्पांनी होळीनंतरच तिच्यावर पत्रा टाकला, पत्र्यावर सरपण रचलं आणि आटली म्हणून सांगून टाकलं. त्या वर्षी नवीन कचेऱ्या उघडत होत्या, भाड्याच्या घरांवर पाट्या लागत होत्या, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी वही घेऊन काहीतरी लिहून न्यायचं. टंचाईत सरकार खाजगी विहिरी ताब्यात घेतं हे अप्पांना चांगलं ठाऊक होतं. रेणापूरकडच्या गावी त्यांच्या वडिलांची विहीर मागच्या एका दुष्काळात अशीच घेतली होती. तिच्यावर इंजन बसवलं, खाली सुरुंग लावला, कुठला झरा कुठे फुटला कुणास ठाऊक, आणि दुष्काळ संपला तरी त्या विहिरीला पुन्हा पाणी म्हणून आलं नाही. त्या कोरड्या विहिरीच्या काठावर बसून माझे आजोबा विडी ओढायचे, एवढीच अप्पांना त्यांची आठवण होती. त्यामुळे मी अप्पांना नुसतं कंजूष म्हणणार नाही. भ्यालेला माणूस होता तो.

पण पाणी लपवणं हे सोनं लपवण्यापेक्षा अवघड असतं. ते कुठूनही ओलं दिसतं. अव्वाची लुगडी आतल्या खोलीत वाळायची आणि सगळ्या घराला दमट वास यायचा. मोरीच्या तोंडाशी राख टाकून ठेवलेली असायची, गल्लीत ओघळ दिसू नये म्हणून. अप्पांना लिंगपूजेआधी अंघोळ लागे, ती ते पहाटे तांब्या न वाजवता करत आणि दुकानाला निघताना डोक्याला टॉवेल बांधून जात. मला शाळेला निघताना अव्वा म्हणायची, "पायाला जरा माती लावून जा गं." सगळ्यात मोठी पंचाईत रहाटाची होती. लोखंडी रहाट, कुईं कुईं करून साऱ्या गल्लीला सांगणारा. तेल घातलं तरी दोन दिवसांत पुन्हा बोलायचा. पण आमच्या परसाची मागची भिंत म्हणजे टॉकीजचीच भिंत होती. दुपारी तीनच्या खेळाआधी टॉकीजवरच्या भोंग्यावर गाणी लागायची, अर्धा तास, कान फुटतील अशी. तेवढ्या अर्ध्या तासात अप्पा दुकानातून घरी यायचे, आम्ही सरपण काढायचो, पत्रा सरकवायचो, दिवसाचं पाणी भरायचो आणि गाणी थांबायच्या आत सगळं होतं तसं करून ठेवायचो. मला त्या वर्षीची सगळी गाणी पाठ आहेत, आणि प्रत्येक गाण्याला किती घागरी हेही.

एवढं करून अप्पा थांबते तर बरं झालं असतं. टँकरला आमच्या घरातलं कुणी दिसलं नाही तर संशय येईल, म्हणून ते मला एक दिवसाआड हंडा देऊन टँकरच्या रांगेला पाठवायचे. माझी मैत्रीण शमीम रोज त्या रांगेत असायची. तिचे अब्बा गाद्या पिंजायचे, तिची अम्मी चार लेकरांत अडकलेली, म्हणून शमीमने शाळा सोडल्यातच जमा होती, कारण टँकर नेमका शाळेच्या वेळेला येई. मला रांगेत बघून तिला आनंद व्हायचा. आम्ही हंडे ठेवून गजगे खेळायचो, आणि माझे मातीने भरलेले पाय बघून ती हसायची. एके दिवशी ती म्हणाली, "कस्तुरा, तुमची विहीर खरंच सुकली का गं?" मी म्हणाले, "हाव. खडक दिसून राहिलाय खाली." हे मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले. त्याच दिवशी टँकरवाल्याने माझा हंडा भरला आणि नळी झटकून बंद केली. माझ्या मागे शमीमचा नंबर होता. मी हंडा घेऊन घरी आले. अव्वाने त्या गढूळ पाण्याकडे बघितलं आणि ते उंबरा धुवायला वापरलं. मला जेवण गेलं नाही. पिठलं-भाकरी होती, आणि पिठलं मला फार आवडायचं.

अशा दिवसांत सिनेमाचे फुकट पास वाटणारा तो पासवाला आला. हडकुळा माणूस, खांद्याला कातडी पिशवी, शहरी बोलणं. मुंबईच्या कुठल्यातरी कंपनीने सगळा चित्रांनी काढलेला सिनेमा केला होता, घरातल्या लहानथोरांनी मिळून बघावा असा. तो अजून पुरता झाला नव्हता. आधी लोकांना फुकट दाखवायचा, त्यांना काय आवडतं काय नाही ते लिहून घ्यायचं आणि मग दुरुस्त करून विकायचा, असं त्यांचं चाललं होतं. नव्या जिल्ह्याच्या गावात तीन दिवस सकाळचे खेळ ठेवले होते. आमच्या गल्लीला शेवटचा, रविवारचा. अट एवढीच की घरातल्या सगळ्यांनी यायचं. त्याने वही काढून घरात माणसं किती, लेकरं किती, असं विचारलं तेव्हा अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"कशाचा सिनेमा म्हणालाव?" अप्पांनी विचारलं.

"एका गाढवाच्या शिंगराचा. जत्रेत आईपासून हरवतं ते."

"गाढवं बघायला टॉकीजला कशाला जायाचं? बाजारात काय कमी हायत?"

"हे निळं आहे, काका," तो हसून म्हणाला आणि तीन गुलाबी पास ठेवून गेला. अव्वाने त्याला अर्धा तांब्या पाणी दिलं. त्या साली कुणाकडेही गेलं तरी अर्धाच तांब्या पुढे यायचा, आणि पाहुणाही त्यातलं अर्धं ठेवायचा.

गल्लीत तीन दिवस दुसरा विषय नव्हता. माणसांना गाडीत घालून नेऊन नसबंदी करून सोडत होते, त्या काळाला फार वर्षं झाली नव्हती. त्यामुळे कुणी म्हणालं आत घेऊन दारं लावतील, कुणी म्हणालं लेकरांना सुया टोचतील. शुक्रवारी जिची पाळी होती ती गल्ली बघून आली. कुणाला काही टोचलं नव्हतं, काही विकलं नव्हतं, फक्त शेवटी एक कागद भरून घेतला होता, नावपत्त्यासकट. हे ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला आणि अप्पांचा गेला. रात्री भाकरी मोडता मोडता ते अव्वाला म्हणाले, "आता ध्यानात आलं. समदी गल्ली एका ठिकाणी कोंडायची, दोन तास. घरं मोकळी. मग परसं तपासायची. हिरीवर काय झाकलंय, काय न्हाई."

"गाढवाचा सिनेमा काढून?" अव्वा म्हणाली.

"तुला सरकार ठाऊक न्हाई."

अव्वा उदगीरकडची, फार बोलायची नाही, पण त्या दिवशी तिने भाकरी तव्यातच ठेवली आणि म्हणाली, "लग्न होऊन बारा वर्षं झाली, तुमच्या भिंतीच्या पल्याड टॉकीज हाय, आन् मी आत एकदाच गेलेय. मी जाणार. गल्लीत आपणच न्हाई गेलो तर लोक म्हणतील, यांचं काय लपलंय घरात?" हे शेवटचं अप्पांना पटलं. ठरलं असं की मी आणि अव्वाने जायचं, नाव-पत्ता खोटा लिहायचा, आणि अप्पांनी ताप आल्याचं सांगून घर राखायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्ही निघताना ते दोनदा म्हणाले.

रविवारी टॉकीजच्या आत गेल्यावर गल्लीच गल्ली. अव्वाने पदरात शेंगा आणि दोन धपाटे घेतले होते. माझ्या एका बाजूला अव्वा, दुसऱ्या बाजूला शमीम, तिच्या पलीकडे मांडीवर धाकटं घेतलेली तिची अम्मी. दार लागलं तेव्हा दोन-चार बायकांनी वळून बघितलं आणि एका म्हातारीने कडी कुठल्या बाजूने आहे ते उठून तपासलं. मग पासवाला पुढे येऊन म्हणाला, "चौथ्या रिळाचं संगीत अजून भरायचं आहे. तेवढं रीळ मुकं आहे, घाबरू नका, मशीन बिघडलेलं नाही." आणि अंधार झाला.

तो सिनेमा मी पुढे कधीच बघितला नाही. तो बाहेर आला की नाही तेही मला माहीत नाही. पण ते निळं शिंगरू मला अजून दिसतं. एवढे रंग मी एका जागी कधी बघितले नव्हते. त्या वर्षी आमच्या गावात मातीचा एकच रंग शिल्लक होता, आणि तिथे पडद्यावर हिरवं गवत हलत होतं. शमीम माझा दंड धरून हसत होती. जत्रा उठली, पालं मोडली, शिंगरू मोकळ्या मैदानात एकटंच उभं राहिलं आणि तिथे ते मुकं रीळ लागलं. सगळी टॉकीज चिडीचूप. शेंगा फोडायचंसुद्धा लोक विसरले. शिंगरू इकडे बघतंय, तिकडे बघतंय. आणि त्या शांततेत पडद्याच्या मागच्या भिंतीतून आवाज आला, कुईं, कुईं, कुईं.

लहान पोरं खुश झाली. त्यांना वाटलं सिनेमातच कुणीतरी पाणी शेंदतंय, आता शिंगराला प्यायला मिळणार. एक पोरगं ओरडलं, "पोहरा आला वर!" आणि खरोखरच पोहरा वर आल्याचा, घागरीत ओतल्याचा आवाज आला. मग पुन्हा कुईं कुईं. बराच वेळ कुणी तपासायला फिरकलं नाही, तेव्हा गल्ली मोकळी आहे, ऐकायला कुणी नाही, असं समजून अप्पा घर राखता राखता दोन दिवसांचं पाणी भरून घेत होते. सिनेमाचा आवाज बंद झाला तरी ते थांबले नाहीत, कारण ज्यांच्यापासून लपवायचं ते सगळे आत होते. भिंत एवढी पातळ असेल हे त्यांना कसं कळणार? तिच्या या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. पोरं हसत होती आणि मोठी माणसं एकेक करून गप्प होत होती. आवाज कुठल्या बाजूने येतो हे गल्लीतल्या कुणाला सांगावं लागत नव्हतं. अव्वाचा हात शेंगांमध्ये होता, तो तिथेच राहिला. पलीकडून शमीमची अम्मी पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाली, "सिनेमा देखो, भाभी." माझ्या दंडावरचा शमीमचा हात कधी निघून गेला ते मला कळलं नाही. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला लाज वाटत होती. त्याआधी मला भीती वाटली होती, राग आला होता, पण अशी लाज तोवर कधी वाटली नव्हती.

दिवे लागल्यावर कागद वाटले. कोणता भाग आवडला, कुठे कंटाळा आला, कोणती गोष्ट खोटी वाटली, आणि खाली नाव-पत्ता. मी काही लिहिलं नाही. शमीम जिभेचं टोक बाहेर काढून बराच वेळ लिहीत होती. बाहेर पडताना एरवी गलका करणारी गल्ली मुकाट घराकडे चालली होती. कुणी आम्हाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी अप्पा खुशीत होते. परात, पातेली, कढई, सगळं भरलेलं. "कुणी आलं न्हाई तपासायला," ते म्हणाले, जरा नाराजच होऊन. अव्वाने पदरातल्या शेंगा खाली ठेवल्या आणि जे झालं ते एका वाक्यात सांगितलं. अप्पा चुलीपाशी बसले. भरलेली भांडी त्यांच्या समोरच होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अप्पांची पूजा नुकतीच आटोपली होती, कपाळावरची विभूती ओलीच होती, आणि दारात तो पासवाला उभा, काखेत कागदांची चळत. मागे चार-दोन शेजारी, सहज आल्यासारखे. अप्पांनी कागद बघितले आणि ते उठून उभे राहिले.

"एक विचारायचं होतं," पासवाला म्हणाला. "कालच्या खेळाला पंधरा-वीस लेकरांनी लिहिलंय, पाणी शेंदायचा भाग लई आवडला. आता आमच्या सिनेमात पाणी शेंदायचा भागच नाही हो. आणि ते रीळ तर मुकं. मी मशीनच्या खोलीत होतो, मला काही ऐकू आलं नाही. तुमचं घर भिंतीला लागून, म्हणून म्हटलं विचारावं."

 मला वाटलं अप्पा आता काहीतरी रचून सांगतील, त्यांना ते जमायचं. पण दारातले शेजारी अप्पांकडे बघत नव्हते, खाली बघत होते. अप्पांना ते सोसलं नाही. ते म्हणाले, "त्यो सिनेमातला आवाज न्हाई. माझ्या हिरीचा हाय. पाणी हाय तिला."

मग अव्वा आतून आली. तिने पासवाल्याच्या हातात तांब्या दिला, काठोकाठ भरलेला. तो दचकलाच. सगळं पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, तो आवाज यंत्रावर उतरवून सिनेमात घातला तर चालेल का? "नुसता आवाजच नेणार ना?" अप्पांनी विचारलं, आणि दारातल्या लोकांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. यंत्र त्याच्याजवळ नव्हतं, त्यामुळे ते राहूनच गेलं. तो कागद दाखवत होता तेव्हा मला शमीमचं अक्षर दिसलं. कोणती गोष्ट खोटी वाटली, याच्यापुढे तिने लिहिलं होतं: सिनेमातली एकही नाही.

दुपारी अप्पांनी स्वतः सरपण उचललं आणि पत्रा काढला. घरटी दोन घागरी, असा नियम केला, आणि रहाटाजवळ स्वतः उभे राहिले, कारण तिसरी घागर कोण नेतं याचा संशय त्यांना होताच. पाहुण्याला पुन्हा पूर्ण तांब्या मिळू लागला. रहाटाला तेल मात्र त्यांनी नंतर कधी घातलं नाही, मुद्दाम. शमीमची अम्मी येऊन दोन घागरी न्यायची आणि अव्वापाशी घटकाभर बसायची. शमीम आली नाही. त्यांच्या घरात आता आमच्या विहिरीचं पाणी होतं, तरी ती रोज हंडा घेऊन टँकरला जायची. तिची अम्मी म्हणायची, "क्या की भाभी, उसका दिमाग वो ही जाने."

आठ दिवस मी ते बघितलं. मग अप्पांना न विचारता हंडा उचलला आणि रांगेला गेले. शमीमने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मी शेवटी उभी राहिले, हंडा भरला, आणि तो तिच्या दारात ठेवून रिकाम्या हाताने घरी आले. दुसऱ्या दिवशी आमचा हंडा आमच्या उंबऱ्यावर होता, भरलेला, तसाच. मी पुन्हा गेले. गल्लीत कुजबुज झाली, कस्तुरा टँकरला जाऊन राहिली, म्हणजे यांची विहीर आटली की काय, की पुन्हा झाकायचा बेत आहे? दोघेजण अप्पांना विचारायलाही आले. अप्पा रागाने लाल झाले आणि मला म्हणाले, "घरात पाणी असून कशाला जातीस?" मी म्हणाले, "आधी तुम्हीच पाठवत होता की." 

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एके सकाळी मला उशीर झाला. हंड्यांची रांग लांबच लांब झाली होती आणि टँकर येऊन उभा होता. शमीमचा हंडा पुढून पाचवा होता. त्याच्या मागे एका हंड्याएवढी जागा मोकळी होती, आणि तिथे कुणाला हंडा ठेवू देऊ नये म्हणून ती पाय रोवून उभी होती. मागची बाई तिच्यावर ओरडत होती. शमीम तिला म्हणाली, "आनेवाली है वो. नंबर है उसका." मी माझा हंडा त्या जागेत ठेवला. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पायाला माती नाही लावली आज?"